भूशास्त्रासाठी आणखी दोघे हवे आहेत

महाविद्यालयाच्या या गटावर मी सहसा केवळ वाचते. आज लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते.

यंदा सांगलीत अकरावीला मी जीवशास्त्राऐवजी भूशास्त्र घेतले. आज सरांनी सांगितले, की पाच जण जमले तरच वर्ग चालेल. आम्ही तिघीच आहोत.

उत्तर देण्यासाठीही मी क्वचितच उभी राहते; तरी मधल्या सुट्टीत प्रत्येक बाकापाशी जाऊन विचारले. आष्ट्याहून माझ्यासोबत एसटीने येणारी मैत्रीण म्हणाली, "दगडं शिकून काय पाणाड्या व्हनार हायस व्हय? मग हातावर नारळ घिऊन पाणी हुडकत फिर."

तिच्या शेजारची हसली नाही. "तुला कुटंबी मार्क पडत्यात गं. आमी बुडलो तर?"

आमच्या विहिरीत मुरमाखाली काळा खडकच का लागतो, हे मला समजून घ्यायचे आहे, एवढेच मी म्हणाले. कोणीही तयार झाले नाही. आता बोलण्याचे त्राण उरलेले नाही, म्हणून लिहिते आहे.

शनिवारपर्यंत आणखी दोघे मिळाले नाहीत, तर मला जीवशास्त्राच्या वर्गात बसावे लागेल. आपल्या घरातले कोणी या महाविद्यालयात अकरावीला आहे का? माझ्याऐवजी आपण त्यांना एकदा विचाराल का?

बुधवार, १६ जुलै २०२५, सायंकाळी ७.४०