शमादानाची डावी-उजवी

काल संध्याकाळी लाईट गेली. मुलानं मोबाईलचा टॉर्च लावला आणि मला एकदम ढाणकी गावातली, साठ-एकसष्टच्या सुमाराची भाऊबीज आठवली... त्या दिवशी मी जेवढा गोंधळलो, तेवढा आयुष्यात गोंधळलो नसेन.

बाबा तिथे शाळामास्तर होते. घरात कंदील एकच, तो स्वयंपाकघरात. ताईच्या मॅट्रिकसाठी बाबांनी करीमचाचा लोहाराकडून मेणबत्त्यांसाठी लोखंडी शमादानांची जोडी करवून घेतली.

चाचा एरवी बैलगाडीचं सामान घडवायचे. लालभडक सळईचं एक टोक पक्कं धरून दुसरं सांडशीनं पिळायचे. शमादानाचे पाय जोडायला गरम कडं चढवायचं, ते गार होताना आपसूक आवळायचं. मी तासन् तास बघत बसायचो.

जोडी घरी आली तर एकाचा पीळ उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे. बाबांना वाटलं चूक झाली. चाचांनाच आमचं नवल वाटलं. "जोडी हाय ना मास्तर. दोन्ही बैलं एकाच अंगाले जुपता का?"

आणि तिथून आमचं भांडण सुरू झालं. मी आणि ताई टेबलाशी समोरासमोर बसायचो, मध्ये ही दोन शमादानं. एका मांडणीत पिळाच्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकायच्या, घराच्या छपरासारख्या. जागा बदलल्या की रुसल्यासारख्या बाहेर जायच्या. आम्हा दोघांनाही छप्परच हवं होतं, तरी मी नीट ठेवलं की ती उलटं करायची... मला वाटायचं मुद्दाम छळते. तिलाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार.

लग्न होऊन निघताना ती म्हणाली, "माह्यासारखंच ठेवजो रे." मी ठेवलं. वर्षभर डोळ्यांना खुपत होतं, पण हात लावला नाही. फार आठवण यायची तिची.

भाऊबीजेला ती आली. माहेरवाशीण म्हणून बाबांनी तिला खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत बसवलं. आईनं मेणबत्त्या लावल्या आणि ताईचा चेहरा उतरला.

"मी गेली अन् तू लगेच आपलंच खरं केलं?"

मला काही कळेना. "ताई, तू गेल्यापासून हात नाही लावला गं..." बाबाही शमादानांकडे बघत राहिले. त्यांनाही काही उमगेना.

ती तणतणत उठली, टेबलाला वळसा घालून आपल्या जुन्या जागी आली. उचलायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. इथून छप्पर बरोबर होतं. परत माझ्या खुर्चीत जाऊन बघितलं, परत आली. मग मी पण दोन्हीकडून बघितलं... एका बाजूनं छप्पर, दुसऱ्या बाजूनं उलटं. तिच्या लग्नाआधीची दोन वर्षं आम्ही दोघंही एकच गोष्ट मागत होतो.

"म्हंजे तू वर्षभर उलटंच पाहून राह्यला?" तिनं विचारलं. मी मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं आपली खुर्ची उचलली आणि माझ्या खुर्चीशेजारी आणून ठेवली.

चाचा, तुम्ही दोन्ही पीळ एकसारखे दिले असते तर आमचं भांडण वाचलं असतं... पण मग ती खुर्चीही तिथेच राहिली असती.