डॉक्टरांनी न केलेली मनाई

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाहीच म्हणा — कुणाचा जीव घेतला नाही, कुणाला फसवलं... नाही, फसवलं. बघा, सुरुवातीलाच सारवासारव करायला लागले. म्हणूनच आजवर तोंडातून निघालं नाही.

गोष्ट मॉनिटरची आहे. हसू नका. कॉम्प्युटरचा मॉनिटर, गेम खेळायचा. आणि खेळणारे माझे बाबा, सत्तरीला टेकलेले, राहणार चिंचपोकळी.

कामाला होते ती गिरणी बंद पडल्यावर बाबा फोर्टमधल्या एका ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमन झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मग आई गेली. बाबा दिवसभर चाळीच्या गॅलरीत बसून रस्ता बघायला लागले. माझ्या नवऱ्याने नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर आम्ही बाबांकडे नेऊन ठेवला. भजनं ऐकतील, बातम्या बघतील, असा हिशोब. त्यात ट्रक चालवायचा एक गेम राहून गेला होता. ज्या माणसाने जन्मात सायकल चालवली नव्हती, तो थोड्याच दिवसांत भलामोठा ट्रेलर रिव्हर्समध्ये गोदामाला लावायला शिकला!

पुढे नवऱ्याने त्यांना ऑनलाइन कसं खेळायचं ते दाखवलं. दुपारचं जेवण झालं की कानाला हेडफोन. खेळायला सोबत नांदेडला मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या सुनीताताई, साताऱ्याचे एक मास्तर, आणखी दोघं-तिघं. सगळ्यांचे ट्रक एका रांगेत, आणि रांगेच्या पुढे बाबा. बाबाच का? कारण ते सिग्नल तोडत नाहीत. गेममध्येसुद्धा! "काका पुढे असले की निवांत वाटतं," असं सुनीताताई म्हणाल्या होत्या. हे वाक्य ते मला दर आठवड्याला नव्याने सांगायचे.

फक्त तो जुना मॉनिटर बारका आणि मळकट. हायवेवरच्या पाट्या वाचता यायच्या नाहीत. "वळण चुकला गो माझा," बाबा फोनवर सांगायचे, "आणि अख्खी वरात माझ्या मागून भलतीकडेच!" म्हणून त्यांना मोठा, स्वच्छ अक्षरांचा मॉनिटर हवा होता. आणि तोही पेन्शनीत बसणारा.

तुम्ही कधी मॉनिटर निवडायला गेलायत? जाऊ नका. चोवीस इंची की सत्तावीस? फोर-केमध्ये अक्षरं छापल्यासारखी दिसतात, पण आपल्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जुनं, त्याला ते ओढवत नाही. मग त्याच्या खालचा, टू-के. त्यात पुन्हा पॅनेलच्या जाती. एकीत रंग सुरेख, पण काळा करडा दिसतो. दुसरीत काळा अगदी काळा, पण पळती गाडी मागे शेपटासारखी सावली सोडते. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, तो किती? स्टँड वर-खाली होतो का? बजेटात बसणारा घ्यावा तर त्या कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. हे सगळं मला कसं ठाऊक? बाबांनी फोनवर शिकवलं. मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना. भाजी घेताना. दाताच्या डॉक्टरकडे आ करून बसलेली असताना!

दोन शनिवार मी त्यांच्याबरोबर लॅमिंग्टन रोडची दुकानं पालथी घातली. दुसऱ्या शनिवारी एक पसंत पडला. सत्तावीस इंची, टू-के, बजेटात. दुकानदाराने खोका काऊंटरवर आणून ठेवला, आणि बाबा म्हणाले, "जरा विचार करतो." मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्यांच्यावर ओरडले. लोक बघायला लागले. बाबा माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आले.

याच सुमारास त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, परळच्या एका डॉक्टरांकडे. छान झालं. थेंब वेळेवर घाला, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका — डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच. पण नव्या डोळ्याला जुना मॉनिटर आणखीच मळकट दिसायला लागला, आणि फोन पुन्हा सुरू झाले.

त्या दिवशी मी ऑफिसात जेवत होते. सकाळपासून साहेबांची बोलणी खाल्लेली. फोन वाजला.

"अगो, तो पसंत केलेला ना, त्यात काळा करडा दिसता म्हणे. अंधारातला हायवे कसा दिसायचा मग? या शनिवारी पुन्हा एकदा जाऊन—"

आणि मी म्हणाले... मी म्हणाले, "बाबा, मी डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, मोठा स्क्रीन अजिबात नको. गेम तर बंदच. डोळ्याच्या आतला पडदा नाजूक झालाय. जोर पडला तर दिसायचं बंद होईल."

मी कुणालाही फोन केला नव्हता.

आता खरं ते सांगते. नुसतं खोटं बोलले असते तर ती एक थाप होती. पण साखरेच्या आजारात आईची दृष्टी गेली होती. शेवटी शेवटी बाबा तिला हात धरून न्यायचे, ताटात भात कुठे, आमटी कुठे ते सांगायचे. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटते, आणि ती कशाची, हे मला नेमकं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिथे बोट ठेवलं. कशासाठी? एक शनिवार वाचावा म्हणून.

बाबांनी ऐकून घेतलं. मग, "बरं." आणि मग, "तू जेवलीस का गो?"

मला वाटलं, कुरकुर करतील, आठवड्याभरात पुन्हा सुरू होतील, तेव्हा मग बघू. पण त्यांनी कुरकुर केलीच नाही. रविवारी गेले तर कॉम्प्युटरवर चादर. बाबा गॅलरीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरगी असावी तर अशी. स्वतः डॉक्टरला फोन करून विचारते!" मी हसले. काय करणार होते?

एकदा बाबा आंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला. सुनीताताई. "काकांना सांगा, आम्ही त्यांची जागा मोकळी ठेवलीय. पुढे कुणी जात नाही." मी अत्यंत गंभीर आवाजात म्हणाले, "आता नाही हो जमणार. डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय." दुसऱ्यांदा ते किती सहज आलं तोंडात! बाबा बाहेर आल्यावर मी म्हणाले, राँग नंबर.

आणि मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी डोळा बघितला, खूश झाले. "काय काका, वेळ कसा घालवता?"

"गॅलरीत बसतो. गेम खेळायचो, पण तुम्हीच बंद करायला सांगितलात ना."

"मी?" डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी कशाला सांगू? खुशाल खेळा. मोठा, स्वच्छ स्क्रीन घ्या, लांब ठेवा, अधूनमधून उठा. काही होत नाही."

आता बाबाही माझ्याकडे बघत होते. चिडून नाही, नुसते, मी काहीतरी सांगेन म्हणून. बोलायला यापेक्षा चांगली जागा कुठली होती? मी पर्समध्ये थेंबांची जुनी चिठ्ठी शोधायला लागले. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांना कळलं असावं.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "थकले गो डॉक्टर. एवढे पेशंट, बिचाऱ्यांच्या कसं लक्षात राहायचं? तू तेव्हाच विचारून ठेवलंस म्हणून बरं. नाहीतर फसलो असतो मी."

मी टॅक्सीला हात केला.

त्या आठवड्यात मी तोच मॉनिटर घेऊन त्यांच्याकडे गेले. आता डॉक्टर हो म्हणतायत ना बाबा, मग लावूया, असं मोठ्या मनाने म्हणाले. होय, मोठ्या मनाने! त्यांनी खोक्यावरून हात फिरवला, मागे छापलेलं सगळं बारकाईने वाचलं. मग खोका माझ्याकडे सरकवला.

"नको गो. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांच्या ध्यानात सगळं ताजं होतं. तुझ्या आईचं मी बघितलंय."

तेव्हाही मला बोलता आलं असतं. खोटं बोलले होते बाबा — एवढंच वाक्य. मी खोका उचलला आणि जिना उतरले.

त्यानंतर ते नव्या डॉक्टरांकडे जायला लागले. जुन्यांवर त्यांचा विश्वास राहिला नाही. सुनीताताईंचे फोन थांबले. नव्या डॉक्टरांकडे बाबा एकटे कधीच जात नाहीत, मला घेऊन जातात. आत गेल्यावर म्हणतात, "हिला सांगा, हिच्या सगळं लक्षात राहतं." आणि डॉक्टर मला सांगतात.