डाव्या कोपऱ्याचा गुडघा

पिंपरीच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा भिंतींचा चुना अजून हाताला लागत होता. पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. मी माणदेशातून आलेलो, अंगात ताकद होती आणि ओळखीचं कोणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी विचारलं, हुतुतू खेळतोस का? सरकारदरबारी खेळाचं नाव कबड्डी झालं होतं, आमच्या तोंडात मात्र हुतुतूच होतं. मी हो म्हणालो. मग मला सांगण्यात आलं, की उद्या पहाटे पवनेच्या काठावर जा आणि कप्तानांना भेट.

कप्तान म्हणजे कारखान्यातले एक फिटर. चाकणच्या पलीकडच्या एका गावातले शेतकरी घरातले, तिशी नुकतीच ओलांडलेली, अंगानं सडपातळ. मला वाटलं होतं कोणी दांडगा पैलवान असेल. त्यांनी माझं नाव-गाव विचारलं नाही. नदीकाठच्या एका बाभळीकडे बोट केलं आणि म्हणाले, दम धरून तिथवर जा आणि ये. मी गेलो, आलो आणि वर आणखी दोन श्वासांचा दम शिल्लक आहे हे दाखवायला त्यांच्यासमोर हुतुतू करत उभा राहिलो.

"दम ऱ्हायला, म्हंजी तू हळू गेलास," ते म्हणाले. "परत."

त्या सकाळी मी बाभळीला सात वेळा शिवून आलो. सातव्या खेपेला मध्यावरच दम सुटला, तेव्हा त्यांनी मान हलवली. मला संघात घेतलं होतं.

या माणसाबद्दल मला कुतूहल वाटायला लागलं ते तिथूनच. ते कधी ओरडायचे नाहीत. शिवी तर तोंडात नाहीच. आम्ही नऊजण पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी दीड तास नदीच्या वाळूत पळायचो, डोकं पाण्यात घालून दम वाढवायचो, एकमेकांचे घोटे धरताना कोपर-गुडघे सोलवटून घ्यायचो. त्याबद्दल कोणाला काही मिळत नव्हतं. तरी कोणी चुकवत नसे. का चुकवत नसे, हे मला समजून घ्यायचं होतं.

थोडं समजलं ते माझ्यावर पाळी आली तेव्हा. एके दिवशी सायकल पंक्चर झाली आणि मी उशिरा पोचलो. वाटलं होतं, जास्तीच्या फेऱ्या मारायला लावतील. त्यांनी मला वाळूवर बसायला सांगितलं. मग बाकीच्या आठजणांना म्हणाले, ह्याच्या वीस फेऱ्या ऱ्हायल्यात, त्या तुमी मारा. स्वतः सगळ्यांच्या पुढे पळाले. मी बसून बघत होतो. कोणी माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तरी बरं वाटलं असतं. कोणी पाहिलंच नाही. त्यानंतर मी सायकलच्या भरवशावर राहिलो नाही, अर्धा तास आधी चालत निघायचो.

आम्ही जिंकायला लागलो. देहूरोड, तळेगाव, पुण्याच्या पेठांमधले संघ, सगळीकडे जाऊन आलो. आमच्यात सगळ्यांत मोलाचा गडी होता तो डाव्या कोपऱ्यावरचा. चिपळूणकडचा, बुटका, कारखान्यात लेथवर काम करणारा. चढाईला आलेला गडी दिवाळीचा बोनस मिळाल्यासारखा हसत मागे वळला, की हा खाली वाकून त्याचा घोटा असा धरायचा, की समोरच्याला आधी जमीन लागायची आणि मग कळायचं काय झालं ते. चिंचवड गावात एका खोलीत तो आणि त्याची बायको राहायची. कप्तान त्याला भावा म्हणायचे. आम्हा बाकीच्यांना फक्त गावावरून हाका असत, म्हणजे मी माणदेशी. भावा फक्त तो.

एकदा सुट्टीच्या दिवशी कप्तान मला त्यांच्या गावी घेऊन गेले. भुईमुगाची काढणी चालली होती आणि माणसं कमी पडत होती. तिथं मी वेगळाच माणूस पाहिला. घरी त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. वडील त्यांना चुकलं-चुकलं म्हणून सारखे टोकत होते, धाकटा भाऊ तोंडावर हसत होता, बैलसुद्धा त्यांच्या हाकेला वळेना. ते सगळं निमूटपणे घेत होते. दुपारी बांधावर शेंगा फोडत बसलो असताना मी धीर करून विचारलं, की जिंकायचं एवढं का असतं तुम्हाला? एखादा सामना गेला तर काय होतं?

त्यांनी आणखी चार शेंगा फोडल्या. मला वाटलं विषय संपला.

"हरल्यावर माणसं एकमेकांकडं बघत न्हाईत," ते म्हणाले. "टरकात बसत्यात अन् भायेर बघत्यात. ते मला बघवत न्हाई."

एवढंच. मी ते उत्तर पुष्कळ दिवस मनात घोळवलं. खरं वाटायचं आणि अपुरंही वाटायचं.

त्याच हिवाळ्यात खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला, मोठे सामने भरले. आम्ही कारखान्याच्या लॉरीतून गेलो. मोशीला इंद्रायणी ओलांडली, चाकणला चहा झाला आणि उन्हं वर यायच्या आत भीमेकाठच्या मैदानावर उतरलो. सकाळचा सामना आम्ही सहज जिंकला, पण शेवटच्या चढाईत आमच्या डाव्या कोपऱ्याचा पाय गुडघ्यात मुरगळला. तो लंगडत बाहेर आला आणि लिंबाच्या झाडाखाली बसला. अंतिम सामना दुपारी होता, तिथल्याच एका तालमीच्या संघाशी.

कोणीतरी हळद आणि तेल आणलं. पट्टी बांधायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावाकडे मी बैलांचे पाय बांधलेले होते. गुडघ्याखाली हात घातला आणि मला आत काहीतरी हललेलं जाणवलं. सूज नव्हती ती. दाराची बिजागरी सैल झाली, की दार लावताना जसं आधी थोडं सरकतं आणि मग बसतं, तसं काहीतरी. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मी पट्टी घट्ट आवळली. आमच्याकडे राखीव गडी होता. बरा होता, पण त्याच्या हातून चढाईवाल्याचा घोटा सुटणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी काही बोललो नाही. जिंकायचं मलाही होतं.

कप्तान आले, उकिडवे बसले, गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला. मग त्याला विचारलं, "बोल भावा. व्हईल का?"

"तुम्ही सांगा," तो म्हणाला.

"म्या न्हाई सांगनार. पाय तुजा हाय."

त्यानं आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कोणी खाली बघितलं, कोणी मैदानाकडे. मी हाताला लागलेली हळद पुसत राहिलो.

"उतरतो," तो म्हणाला.

सामना अटीतटीचा झाला. गर्दी सगळी तालमीच्या बाजूची होती. वेळ संपत आली तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि त्यांचा उंच, लांब पायांचा गडी चढाईला आला. तो आमच्या डाव्या कोपऱ्याकडेच गेला. लंगडणारा माणूस त्यांनी पाहून ठेवला होता. आमच्या गड्यानं वाकून घोटा धरला. उंच गड्यानं सगळं वजन टाकून मधल्या रेषेकडे झेप घेतली आणि मी शेजारीच असल्यामुळे मला त्याच्या गुडघ्यातला आवाज ऐकू आला. ओली फांदी पिळल्यासारखा. मी उंच गड्याच्या कमरेला मिठी मारली, आणखी दोघे येऊन पडले. त्याचा दम गेला. पंचानं शिट्टी वाजवली. ढीग मोकळा झाला तरी आमच्या कोपऱ्यानं घोटा सोडला नव्हता. त्याची बोटं आम्हाला एकेक करून सोडवावी लागली.

परतीच्या लॉरीत जिंकलेली ढाल होती आणि ढालीशेजारी तो आडवा झोपवलेला होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तो दोन महिने होता. पाय वाचला, पण पुरता सरळ झाला नाही. लेथवर आठ तास उभं राहणं संपलं. कारखान्यानं त्याला गोदामात बसून करायचं काम दिलं. ते बरंच झालं म्हणायचं, पण हातातलं कसब गेलं. त्याच्या हातचं काम मोजपट्टी न लावता पुढे पाठवायचे, अशी त्याची ख्याती होती. आता तो खिळे आणि वायसर मोजून द्यायचा.

तो घरी आल्यावर कप्तान म्हणाले, ढाल एक दिवस त्याच्या घरी ठेवू. मला बरोबर घेतलं. खोलीत तो भिंतीला टेकून बसला होता, पाय लांब केलेला. ढाल बघून खूश झाला, हात फिरवला, कुठं कोणत्या संघाचं नाव कोरलंय ते वाचत बसला. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि उभ्या उभ्याच कप्तानांना विचारलं,

"तुम्ही यांना विचारलंत, उतरतोस का म्हणून? हे तसं सांगतात."

कप्तान हो म्हणाले.

"विचारलंत कशाला?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तिथं एवढ्या लोकांत कोण नाय म्हणेल? तुम्ही मोठे होता. तुम्ही सांगायचं होतं, बस म्हणून."

तो तिला गप्प राहायला सांगू लागला. कप्तानांनी हातानंच त्याला थांबवलं. चहा पुरता प्यायले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "खरं हाय, वयनी." बाहेर आल्यावर आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो. मला सांगायचं होतं, की गुडघा माझ्याही हाताला लागला होता, मलाही कळलं होतं. ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कप्तानी सोडली आणि माझं नाव पुढे केलं. मीच का, असं विचारल्यावर म्हणाले, तू लई इचारतोस, म्हनून.

पुढचा मोसम मी कप्तान होतो. त्यांच्यासारखं नुसतं नजरेनं काम होईल असं मला वाटलं होतं, पण मला ओरडावं लागायचं. तरी आम्ही जिंकत गेलो आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी बाहेरून बघून कधी कळली नसती. दमलेला माणूस तुमच्या एका शब्दावर पुन्हा उठतो, तेव्हा आत कुठेतरी बरं वाटतं. फार बरं वाटतं. त्याची सवय लागते.

मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी आमचा सगळ्यांत चांगला चढाईचा गडी, चिखलीचा एक तरणा पोरगा, बरगडीला हात लावून उभा असलेला मी पाहिला. दुखतंय का विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. मी विचारलंच नाही. सरळ सांगितलं, तू आज बसायचं. तो आधी हसला, त्याला मस्करी वाटली. मग विनवलं, मग भांडला. मी राखीव गड्याला उतरवलं आणि आम्ही तीन गुणांनी हरलो. चिखलीचा पोरगा दुसऱ्याच दिवशी शेतात नांगर धरून होता. माझ्याशी तो त्यानंतर वर्षभर बोलला नाही आणि पुढच्या मोसमात दुसऱ्या संघाकडून आमच्याविरुद्धच खेळला.

त्या सामन्याला जुने कप्तान बघायला आले होते. परत येताना आम्ही दोघं सायकली हातात धरून निगडीच्या माळावरून चालत होतो. दोन्हीकडे ज्वारी होती. मी विचारलं, बरोबर केलं का मी?

"त्याच्या बरगडीला काय झालं असतं ते तुला आता कदीच कळनार न्हाई," ते म्हणाले. "मला गुडघ्याचं कळलं. मला बरं का तुला बरं, ते म्या कसं सांगू?"

आणखी एका वर्षानं मी खेळ सोडला. कप्तानांनी त्याआधीच वडील थकले म्हणून नोकरी सोडून शेती धरली होती. चाकणच्या बाजारात कधी दिसले तर कांद्याचं बोलायचे, खेळाचं नाही.

डाव्या कोपऱ्याचा गडी मात्र मैदान सोडून गेला नाही. संध्याकाळी गोदाम बंद झालं की काठी टेकत यायचा, वाळूच्या कडेला बसायचा आणि नव्या पोरांना घोटा कसा धरायचा ते शिकवायचा. आम्ही ज्यांच्या हाताखाली खेळलो, त्यांच्या दुप्पट कडक होता तो. एका संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि कित्येक दिवस मनात असलेलं विचारलं. त्या दुपारी कप्तानांनी बस म्हणून सांगितलं असतं तर बसला असतास का?

त्यानं काठीनं वाळूत एक रेघ ओढली.

"बसलो असतो," तो म्हणाला. "आणि पाय धड घेऊन त्यांना जन्मभर शिव्या दिल्या असत्या."

"मग आता?"

"आता शिव्या नाय देत," तो म्हणाला. "बायको देते."

मग त्यानं हात पुढे केला. मी त्याला उठवलं आणि अंधार पडायच्या आत आम्ही चिंचवडच्या वाटेला लागलो.