राक्षसाची दुपारची झोप

आमच्या गिरगावच्या चाळीत शेजारच्या खोलीतले काका जन्मभर कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप करून रिटायर झाले. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मी हौसेने एक गेम टाकून दिला. त्यात चित्रं नाहीत, आवाज नाही. काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. आपण हुकूम टाइप करायचा, मग पुढे काय झालं ते गेम लिहितो.

पण काकांना हुकूम सोडता येत नाही. टाइपरायटर बडवावा तशी कळफलकावर बोटं आपटत ते लिहितात, 'काइंडली ओपन द डोअर', वर 'थँकिंग यू'. गेम म्हणतो, समजलं नाही. "याला घरचं वळणच नाही," असं पुटपुटत काका नाइलाजाने दोन शब्दांवर येतात.

परवा रविवारी जेवणं झाल्यावर ते गुहेत पोचले. आत राक्षस झोपला होता, गळ्यात किल्ली. मी मागून ओरडलो, "काका, मारा त्याला!"

"झोपलेल्याला? भर दुपारी? काहीतरीच काय बोलतोस!" काका कुजबुजले आणि त्यांनी लॅपटॉप अलगद मिटला. "चारला ये."

चारला गेलो तर काका धुतलेला सदरा घालून बसलेले. त्यांनी अगदी हलक्या हाताने 'वेक जायंट' टाइप केलं. राक्षस उठला आणि त्याने काकांना खाल्लं.

मी कपाळावर हात मारला. काका मात्र पडद्याकडे बघत राहिले.

"चूक आपलीच," ते म्हणाले. "झोपेतून उठवलं आणि चहाचंसुद्धा विचारलं नाही."