चंद्रकोरीची सळई

लागोसमध्ये कुठे इमारत पाडली, की राडारोडा आमच्या गल्लीत येतो. मी काँक्रीट फोडून खडी करते, शेजारी अबिके वाकलेल्या सळ्या ठोकून सरळ करते. वीस वर्षं झाली. तिच्या हातोड्याचा टवका उडालाय, म्हणून प्रत्येक घावाला सळईवर चंद्रकोर उमटते. नवा घे म्हणून मी जीभ झिजवली. ऐकेल तर शपथ. चोरीला जाईल म्हणून चर्चलासुद्धा तो पिशवीत घेऊन येते.

गिऱ्हाइकाला मात्र ती बजावते, "कुंपणाला वापरा. वर माणसं राहणार असतील तर नको. एकदा वाकलेल्या लोखंडाचा भरवसा नाही." गिऱ्हाईक मान डोलावतं.

शनिवारी तिच्या लेकीच्या, मोरेनिकेच्या बाळाला आठवा दिवस. नाव ठेवायला सकाळीच आम्ही तिच्या भाड्याच्या खोलीवर निघालो. तिसऱ्या मजल्यावर साठेक पाहुणे जमलेले, नाचगाणं सुरू झालेलं. खाली जिन्यापाशी खांबाचा पोपडा पडला होता. आत सळई दिसत होती, आणि तिच्यावर चंद्रकोरी.

"ही माझी," अबिके म्हणाली. वरच्या प्रत्येक ठेक्याला खांबातून बारीक माती गळत होती.

ती धापा टाकत वर गेली, खांबाचं सांगून सगळ्यांना खाली उतरा म्हणाली. लेक म्हणाली, "आई, आजच्या दिवशी तरी धंदा बाजूला ठेव ना."

घरमालक कडक इस्त्रीच्या झग्यात बसले होते. "मावशी, ही इमारत तुम्हा-आम्हाला पोचवून मग पडेल." सगळे हसले.

अबिकेने त्यांचा हात धरून त्यांना खांबापाशी आणलं. पाहुणे गंमत बघायला सज्जात वाकले. तिने पिशवीतून हातोडा काढून उगारला.

"पक्की आहे ना? मग एकच घाव घालते. तुम्ही इथंच उभे राहा, मालक."

मालकांनी झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि थेट रस्त्यापलीकडे धूम ठोकली.

सज्जातून ते सगळ्यांनी पाहिलं. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. मोरेनिके बाळाला छातीशी धरून अनवाणी खाली आली.

नाव रस्त्यावरच ठेवलं. बाळाच्या ओठांना मध लावताना मी अबिकेला हाक मारली. तिचं लक्ष नव्हतं. हातोडा हातात तसाच धरून ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती एकेक करून बघत होती.

"वीस वर्षं गं," ती म्हणाली. "कुठं कुठं गेल्या असतील?"