सेतुमामांचं केळीचं पान

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. रक्कम साठ हजार. हजर चौघं: सेतुमामा, तुळजामामी, शेजारी म्हणून मी, आणि कुंभकोणमहून आलेला जुन्या गाड्यांचा व्यापारी. जागा तंजावूरच्या राजवाड्यामागची आमची गल्ली, मामांच्या घराला लागून असलेली पत्र्याची शेड. तिथं मामांच्या वडिलांची मॉरिस मायनर विटांवर उभी होती आणि तिच्या इंजिनाचे निम्मे भाग जमिनीवर एका केळीच्या पानावर मांडलेले होते.

व्यापारी पानाकडे बघून तमिळमध्ये म्हणाला, "सार, जेवण कधी?"

"पोंगलला ये," मामा म्हणाले. "त्या दिवशी चालली नाही तर साठ हजार ठेव आणि घेऊन जा."

सेतुमामा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते, पण गावातल्या मराठी घरांत त्यांची ओळख वाढपी म्हणून. लग्नाच्या पंगती त्यांच्या देखरेखीखाली उठत. अलीकडे हात थरथरू लागला, तसं त्यांनी सांबार वाढायचं सोडलं. मग कोशिंबीर. शेवटी नुसतं मीठ वाढत.

गाडीबरोबर आलेलं दुरुस्तीचं जाड इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे होतं. रोज अंघोळीनंतर ते त्यातलं एक पान आमच्या मराठीत अर्थ करून मामींना वाचून दाखवत. मामी भाजी चिरता चिरता ऐकत. भाग कसा सोडवायचा हे पुस्तकात सविस्तर असे आणि बसवायचं कसं, तर 'उलट क्रमाने', एवढंच. मामांना त्याचा राग होता. मला म्हणत, "अप्पा, उलट जायला आधी सुलट लक्षांत राहायला नको?" म्हणून हे पान. पहिला निघालेला भाग मिठाच्या जागी, दुसरा लोणच्याच्या, मग कोशिंबीर, भाजी. मोठं काही असेल ते भाताच्या जागी. "नट मी विसरेन. मिठाची जागा विसरणार नाही."

ही सगळी खटपट मामींसाठी होती. दर शनिवारी तिरुवैयारुला जाऊन त्या मुलींना वीणा शिकवत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय वाकेना. बसची पायरी चढवत नव्हती, ऑटोत पाय लांब करता येत नव्हता आणि टॅक्सीचं भाडं फीपेक्षा जास्त व्हायचं. ते मामींना पटेना. वर्षभर शिकवणी बंद. मॉरिसची पुढची सीट मात्र मागं सरकत होती.

पोंगलला आठवडा उरला असताना आठ व्हॉल्व्ह साफ होऊन पानावर ओळीनं मांडले गेले. ज्याचा त्यानंच आपल्या जागी जायला हवं, असं पुस्तकात ठळक अक्षरात होतं. मामा आणि मी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणायला बाजारात गेलो. परत आलो तर मामी भिंतीला धरून उभ्या, आणि पान दुमडलेलं. आठही व्हॉल्व्ह घडीत एकावर एक.

"माणसं उठून गेल्यावर पान उघडं कसं ठेवायचं?" मामी म्हणाल्या. "हात आपोआप गेला हो."

मला वाटलं, आता मामा भडकणार. त्यांनी विचारलं, "आपल्याकडं दुमडलंस कीं पलीकडं?"

"आपल्याकडं."

"मग जेवण पसंत पडलं म्हणायचं."

एवढं बोलून ते पायरीवर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घातले. व्यापाऱ्याला फोन करावा लागणार, असं माझ्या मनात आलं.

थोड्या वेळानं त्यांनी पुस्तक मागितलं. दोन पानं पुढं उपाय होता. पेस्ट लावून घासला, तर कुठलाही व्हॉल्व्ह नव्या जागेत नीट बसवता येतो. कडेला न तुटलेलं करडं कडं उमटायला हवं. त्यासाठी टोकाला रबराची वाटी असलेली काठी तळव्यांत फिरवायची. मामांच्या हातून कडं तुटत होतं. मी जोर जास्त लावत होतो.

"द्या इकडं," मामी म्हणाल्या.

व्हॉल्व्ह ज्यात बसतात ते इंजिनाचं धूड आम्ही उचलून टेबलावर ठेवलं. मामी पाय लांब करून स्टुलावर बसल्या, ताक घुसळावं तशी काठी फिरवू लागल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"खरखरतंय... अजून खरखरतंय... थांबा. गेली खरखर."

मामांनी फडक्यानं पुसून पाहिलं. कडं सलग होतं. दुसऱ्या व्हॉल्व्हच्या वेळी मामा मध्येच फडकं घेऊन पुढं झाले, तेव्हा मामी डोळे न उघडता म्हणाल्या, "हात मागं घ्या. ह्या शिष्येचं वाजवणं संपूं द्या."

भोगीच्या संध्याकाळपर्यंत आठही झाले.

पोंगलच्या सकाळी व्यापारी आला. हँडल मी मारलं. गाडी दोनदा खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. मामा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. गाडीच्या थरथरीत त्यांच्या हाताची थरथर दिसेनाशी झाली. व्यापाऱ्याला मामांनी आग्रहानं जेवायला बसवलं, मीठ स्वतः वाढलं. उठताना त्यानं पान आपल्याकडं दुमडलं आणि साठ हजार खिशात घेऊन परत गेला.

गाडी मी चालवायची, हे मामांनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं. मामी पुढं, मामा मागं पुस्तक मांडीवर घेऊन. पहिल्याच शनिवारी परतल्यावर मामींनी फीमधले शंभर रुपये माझ्यापुढं धरले. ड्रायव्हरचा बत्ता, म्हणजे त्या दिवसाचा भत्ता. मी नको म्हणालो.

"घे रे," मागून मामा म्हणाले. "बत्ता न घेणारा ड्रायव्हर पुढच्या शनिवारी येईलच, असा मज भरवसा नाही."

मामांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचे दिवस झाल्यावर पहिल्याच शनिवारी मी शेड उघडली, तर मामी तयार होऊन उभ्या होत्या, पुस्तक मागच्या सीटवर ठेवलेलं. ते अजून तिथंच असतं. मुली आता पाचाच्या नऊ झाल्या आहेत.

गेल्या शनिवारी दिले गेले शंभर रुपये. देणार तुळजामामी, घेणार मी.