एकाच कोपऱ्यात काऊन?

सालेकशाहून सायकलवर आलेल्या माणसानं दारातच टोपी काढली, तेव्हाच मी ओळखलं. दादा गेला होता... माझा थोरला भाऊ, लोखंडी सांगाडे उभारणारा इंजिनियर. तिकडं पुलाच्या कामावर असताना हिवतापानं गाठलं त्याला. त्याला जाऊन दीड महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, फार गंभीर माणूस. कसला गंभीर! ताटातला भात चारही बाजूंना सारखा पसरल्याशिवाय घास उचलायचा नाही, आणि आई करवादायची, "जेव ना रे मुकाट्यानं!"

स्वातंत्र्यानंतर लगेच तो शिकून परत आला आणि काही वर्षांनी गोंदियातल्या एका शेठजींनी त्याला राईस मिल बांधायला दिली. दुमजली लोखंडी सांगाडा, वर धानाची पोती आणि हलती चाळणी. त्याचं पहिलं स्वतःचं काम. रिकामी होती तोवर मिल ठणठणीत उभी होती. हंगाम सुरू झाला, पोती वर चढली आणि चाळणी सुरू केली तसा अख्खा मजला गदगदा हलू लागला. वर धान निवडणाऱ्या बायांची मुकादम देवकाबाई तोंडावर बोलली, "इंजिनेरबाबू, आमी वरतं नाई जात. घरी लेकरं हायेत आमची." शेठजी म्हणाले, "ठीक करो, नहीं तो ढांचा खोल डालो." तो सांगाडा खोलला असता, तर दादाला जिल्ह्यात कुणी साधं छप्परही घालू दिलं नसतं.

दादाचं जेवणखाण सुटलं. पुन्हा पुन्हा आकडेमोड करायचा. "हिशोब बरोबर आहे गं शकू, मग हलून काऊन राहिली?" मी म्हटलं, "मले कायले विचारतोस?" तर माझ्याकडूनच चिंध्यांच्या पुरचुंड्या शिवून घेतल्या, त्यांत धान भरलं. पोलादाच्या चार पट्ट्यांवर एक फळी बसवली, चार कोपऱ्यांत सारख्या पुरचुंड्या ठेवल्या आणि बोटानं ढकललं. फळी शहाण्यासारखी सरळ डोलली. "प्रत्येक सांगाड्याची स्वतःची एक चाल असते," तो म्हणाला. "चाळणीची चाल तिच्याशी जुळली, की संपलं."

दुसऱ्या दिवशी मिलमधून धावतच घरी आला. तिथली रीत त्यानं पाहिली होती: हंगामाचं पहिलं पोतं पूजा करून ईशान्येच्या कोपऱ्यात ठेवायचं, आणि मग हमाल बाकीची सगळी पोती त्याच्याच अंगाला थप्पी लावून रचायचे. कागदावर दादानं मात्र ते वजन मजलाभर पसरलेलं धरलं होतं. त्यानं साऱ्या पुरचुंड्या एका कोपऱ्यात सरकवल्या, पुन्हा ढकललं. फळीनं असा पीळ घेतला की मी "अगं बाई!" म्हणून मागं सरले. "वजन तेवढंच आहे गं," तो म्हणाला, "पण ते बसलंय कुठं, हे मी विचारलंच नाही!" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

पूजेचं पोतं जागचं हललं नाही. बाकीची चारही कोपऱ्यांत वाटली गेली, हमालांनी कुरकुर केली ती केलीच. देवकाबाई म्हणाली, "आधी तू उभा राय वरतं." दादा उभा राहिला. मीही हट्टानं गेले, भीतीनं त्याचा सदरा घट्ट धरून. चाळणी सुरू झाली, पायाखाली नुसती गुणगुण. देवकाबाईनं वर येऊन फळ्यांवर दोनदा पाय आपटून पाहिला आणि खाली हाक मारली, "चला वं बायाहो!"

त्यानंतर त्याला खोडच लागली. लग्न असो, बारसं असो, खोलीत शिरला की विचारायचा, "सगळे एकाच कोपऱ्यात काऊन बसून राहिले?" पाहुण्यांना उठवून चहूकडं बसवायचा. आम्ही हसून लोटपोट व्हायचो...

तेराव्याला फुलचूरच्या आमच्या घरी सगळ्या बाया आईला बिलगून एकाच कोपऱ्यात बसल्या होत्या. फडताळावर त्याची ती पट्ट्यांची फळी, पुरचुंड्यांसकट. मी दाराकडं पाहत राहिले. कुणी आलं नाही, कुणी विचारलं नाही. मग मीच उठले आणि समोरच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसले. मला रडू आवरेना. कुणाला काही कळलं नाही. थोड्या वेळानं म्हातारी देवकाबाई भिंतीला धरून उठली, आणि तिसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली.